खोडदच्या तबकड्या आणि बायपासचा हॉर्न

आवाजाच्या तक्रारीवरून रेल्वेचा मार्ग बदलतो असे कोणी म्हटले तर हसू येईल. पण पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात तसे घडले आहे. पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेचा सुमारे २३५ किलोमीटरचा मूळ आराखडा नारायणगाव, संगमनेरवरून जाणारा होता. वाटेत जुन्नर तालुक्यातले खोडद आडवे आले. खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, त्यातल्या १४ मध्यभागी दाटीने, बाकीच्या तीन दिशांना फाकलेल्या, सगळा पसारा मिळून साधारण २५ किलोमीटरचा. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी दुर्बिणीसाठी हा टापू निवडला त्याचे एक मोठे कारण म्हणजे इथली रेडिओ शांतता. मोठी शहरे लांब आणि भोवताली डोंगरांचा आडोसा. अवकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी इतक्या क्षीण असतात की चंद्रावर कोणी चालू मोबाइल ठेवला, तरी तो या दुर्बिणीला आकाशातल्या ठळक स्रोतांपैकी एक वाटेल. विजेच्या गाडीच्या माथ्यावर तार घासताना उडणाऱ्या ठिणग्या आणि गाडीतली संदेशयंत्रणा तर हाकेच्या अंतरावरची. शास्त्रज्ञांनी हरकत घेतली आणि मूळ मार्ग बदलावा लागेल असे रेल्वे मंत्रालयाने जाहीर केले. रेल्वे जुन्या मार्गानेच न्यावी म्हणून खासदार अमोल कोल्हे आणि इथली मंडळी अजून भांडत आहेत. त्यांची बाजूही समजण्यासारखी आहे. दुर्बीण गावात आणि गाडी दुसऱ्या जिल्ह्यात, हे कोणाला आवडेल?

मला या प्रकरणात रस आहे तो वेगळ्या कारणाने. याच जुन्नर आणि शेजारच्या आंबेगाव तालुक्यातून पुणे-नाशिक महामार्ग जातो. आळेफाट्याला त्याला माळशेज घाटातून आलेला कल्याण-नगर रस्ता छेदतो. या रस्त्यांचा आवाज ऐकायला दुर्बीण लागत नाही. तरीही त्या आवाजापायी कोणी रस्ता वळवलेला नाही की साधी भिंत उभारलेली नाही. खोडदची तक्रार ऐकली गेली, कारण तिथला गोंगाट वर्षानुवर्षे मोजून, नोंदवून ठेवलेला आहे. विजेच्या खांबावरचे एखादे खराब इन्सुलेटर ठिणग्या टाकू लागले तरी दुर्बिणीचे लोक ते शोधून काढतात आणि महावितरणला कळवतात. रस्त्याकडेच्या माणसाजवळ मात्र सांगायला एवढेच असते, ‘रात्रभर झोप नाही.’ हे खरे असते, पण ते कोणत्याही रकान्यात बसत नाही.

आवाजाचे या भागाला वावडे आहे असे मात्र कोणी समजू नये. नारायणगाव ही तमाशाची पंढरी, विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांचे गाव. यात्रांच्या हंगामात फडमालकांच्या राहुट्या इथे लागतात आणि गावोगावचे पुढारी सुपारी द्यायला येतात. हलगी, ढोलकी, घाटातली बारी, रात्रभराचा वग, हे सगळे इथल्या कानांनी हौसेने ऐकलेले आहे. पण यात्रा वर्षातून एकदा येते आणि ती कधी संपणार हे ठाऊक असते.

महामार्गाचा आवाज नेमका कशाचा असतो, हे आधी पाहू. लोक पटकन इंजिनाकडे बोट दाखवतात. ट्रक चढणीला लागला असेल, सिग्नलवरून सुटत असेल, तर ते बरोबर आहे. पण मोटार ताशी पन्नासाच्या पुढे गेली की टायर आणि डांबर यांच्या घर्षणाचा आवाज इंजिनावर मात करतो. टायरच्या खाचांत हवा कोंडते, सुटते, रबर थरथरते, आणि लांबून ऐकताना त्याचा एक अखंड घोष होतो. म्हणून मोटारी बदलून सगळ्या विजेवरच्या केल्या तरी महामार्ग शांत होणार नाही. गावातली गल्ली मात्र होईल. जड ट्रकची गोष्ट निराळी. एकटा ट्रक साधारण दहा मोटारींइतकी ध्वनिऊर्जा बाहेर टाकतो. त्यातही रिकामा ट्रक किंवा ट्रॉली खड्ड्यावरून, गतिरोधकावरून जास्त खडखडते, कारण फळ्या, साखळ्या, फाळके धरून ठेवायला वजनच नसते. अपघात टाळावेत म्हणून गावकरी रंबलरच्या पट्ट्यांची मागणी करतात, ती मान्य होते, आणि मग पट्ट्यांशेजारच्या घराला रात्रभर तडतड ऐकावी लागते. रंबलर नकोत असे नाही, पण ते कोणाच्या उशाशी येणार हे टाकण्यापूर्वी पाहायला हवे.

राहिला हॉर्न. ट्रकच्या आणि बसच्या ब्रेकसाठी दाबलेल्या हवेची टाकी गाडीत असतेच. त्याच हवेवर कर्णा जोडला की प्रेशर हॉर्न तयार. तो बसवणे स्वस्त आणि काढणे त्याहून सोपे, त्यामुळे तपासणीपुरता निघतो आणि पुन्हा चढतो. एकामागून एक वेगवेगळे सूर काढणाऱ्या किंवा कर्कश हॉर्नला मोटार वाहन नियमांत केव्हाचीच बंदी आहे. महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने एप्रिल २०१५ मध्ये ट्रकच्या पाठीवरचे ‘हॉर्न ओके प्लीज’ही पुसायला लावले. पाट्या गेल्या, सवय राहिली. ऑक्टोबर २०२१ मध्ये नितीन गडकरी याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, नाशिकला, म्हणाले होते की हॉर्नमधून बासरी, तबला, व्हायोलिनचे सूर यावेत असा कायदा करण्याचा विचार आहे. रात्री दोन वाजता मंचरच्या चौकात बासऱ्यांची जुगलबंदी! सूर बदलून भागणार नाही. झोपलेल्या माणसाला गोड आवाजही उठवतोच.

आता थोडे गणित. डेसिबल ही सरळ वाढणारी मोजपट्टी नाही. ध्वनिऊर्जा दुप्पट झाली तर आकडा फक्त तीनने वाढतो. दहाने वाढला तर ऊर्जा दहापट आणि कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. याचा एक कटू अर्थ असा, की रस्त्यावरची निम्मी वाहने कमी केली तरी आवाज फक्त तीन डेसिबलने उतरतो, आणि शेजारी राहणारा म्हणतो, ‘काही फरक पडला नाही.’ अंतराचेही तसेच. एकटा भोंगा असेल तर अंतर दुप्पट झाल्यावर आवाज सहा डेसिबलने घटतो. पण वाहता महामार्ग म्हणजे भोंग्यांची सलग रेघ. तिच्यापासून अंतर दुप्पट केले तर जेमतेम तीनच घटतात. समजा रस्त्यापासून दहा मीटरवर ७५ डेसिबल आहेत. वीस मीटरवर ७२, चाळीसवर ६९, ऐंशीवर ६६, एकशे साठवर ६३, आणि तीनशे वीस मीटरवरही ६०. ही झाली कडक, सपाट जमिनीची गोष्ट. नांगरलेली भुसभुशीत काळी माती आवाज पिते, तिथे दर दुपटीला साडेचारच्या आसपास घट होते आणि त्याच तीनशे वीस मीटरवर आकडा साडेबावन्नापर्यंत येतो. झाडांकडून लोक फार अपेक्षा ठेवतात. रस्त्याकडेची एक रांग मनाला बरी वाटते, कानाला तिचा उपयोग जवळजवळ शून्य. तीस मीटर रुंदीची दाट झाडी असेल तर चार-पाच डेसिबल.

आणि मग येतो पौषातला गारठा. दिवसा जमीन तापलेली असते, वर जावे तशी हवा थंड, त्यामुळे आवाज वर वळून आकाशात निघून जातो. हिवाळ्यात रात्री उलटे होते. जमीन लवकर निवते, तिला चिकटलेली हवा थंड आणि वरची त्या मानाने उबदार. अशा हवेत आवाज खाली वळतो आणि जमिनीला धरून लांबवर जातो. मातीने प्यायलेले सगळे परत मिळते. कुकडी, मीना, घोड या नद्यांच्या खोऱ्यांत, डोंगरांच्या कुशीत थंड हवा साचते, म्हणून जानेवारीत दीड-दोन किलोमीटरवरचा ट्रक गिअर बदलतो तोही मळ्यातल्या माणसाला कळतो. तो हे सांगतो तेव्हा शहरातला पाहुणा म्हणतो, ‘इतक्या लांबून कसा ऐकू येईल?’ येतो. त्यात नवल काही नाही.

या हिशेबात बायपास आणून ठेवला की चित्र आणखी गुंतते. नारायणगाव, मंचर, कळंब, राजगुरुनगर या गावांतून जाणारी वाहतूक बाहेरून काढण्यासाठी बाह्यवळणे झाली. त्यासाठी लोकांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला होता, तो मुख्यतः कोंडीमुळे आणि अपघातांमुळे. टोमॅटोच्या हंगामात नारायणगावच्या उपबाजारापुढे काय होत असे हे ज्याने पाहिले आहे, तो बायपासविरुद्ध शब्द काढणार नाही. पेठेतल्या घरांच्या काचा थरथरायच्या थांबल्या. पण आवाज संपला नाही, तो मळ्यांत गेला. जुन्नर-आंबेगावात गावठाणात राहणारे थोडे आणि आपापल्या मळ्यात, वस्तीवर राहणारे पुष्कळ. त्यांची घरे पूर्वी मुद्दाम रस्त्यापासून आत बांधलेली. ऊस, द्राक्षबागा, विहीर, गोठा, आणि रात्री बिबट्याची चाहूल लागावी म्हणून सावध असलेले कान. आता त्या कानांना भरावावरून ताशी ऐंशी-नव्वदने जाणारी वाहने ऐकू येतात. भराव हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. रस्ता जमिनीच्या पातळीत असेल तर मधले घर, कुंपण, गंजी काही ना काही अडवते. तो पाच-सहा मीटर उंच उचलला की आवाज त्या सगळ्यांच्या डोक्यावरून पुढे जातो. उलट रस्ता खोदून खाली नेला तर कडाच भिंतीचे काम करतात. भिंतीचा नियमही हाच: टायर आणि कान यांच्यामधली नजर तुटली की सुमारे पाच डेसिबलचा फायदा, उंची वाढवली तर आणखी. मधे फट असेल तर फायदा फटीतून गळून जातो.

बायपासची आखणी करताना कोणाची किती जमीन जाते, मोबदला काय, भुयारी मार्ग कुठे, यावर घनघोर चर्चा होते. ज्याची जमीन गेली नाही पण झोप गेली, त्याला मोबदल्याच्या यादीत जागा नसते.

जपानमध्ये अशा लोकांनी खटला भरला होता. ओसाका आणि कोबे यांना जोडणाऱ्या राष्ट्रीय मार्ग ४३ वर एकावर एक रस्ते आले: खाली रुंद महामार्ग, डोक्यावर उन्नत द्रुतगती मार्ग. कडेच्या रहिवाशांनी १९७६ मध्ये न्यायालयात धाव घेतली. निकाल सर्वोच्च न्यायालयातून लागला तो ७ जुलै १९९५ रोजी, एकोणीस वर्षांनी. ठरावीक मर्यादेपलीकडचा आवाज थांबवा ही मागणी फेटाळली गेली, पण नुकसानभरपाई मिळाली. रस्ता सार्वजनिक उपयोगाचा आहे म्हणून कडेच्या मूठभरांनी तो फुकट सोसावा असे होत नाही, हे तत्त्व मान्य झाले. ते कोणाच्या कनवाळूपणामुळे झाले नाही. कोणत्या घरात किती आवाज, रस्त्यापासून घर किती मीटरवर, याचे आकडे न्यायालयापुढे होते आणि भरपाई त्या आकड्यांवरून ठरली.

महाराष्ट्रातली आवाजविरोधी चळवळही आकड्यांवरच उभी राहिली. मुंबईत डॉ. यशवंत ओक यांच्यासारखे लोक १९८०च्या दशकापासून न्यायालयात जात होते. सुमैरा अब्दुलअली यांनी २००३ मध्ये जनहित याचिका केली आणि पुढे आवाज फाउंडेशन काढले. त्यांची खूण म्हणजे हातातले ध्वनिमापक यंत्र: मिरवणूक, सभा, फटाके, चौक, जिथे जातील तिथे आकडा लिहून घ्यायचा आणि पोलिसांना पाठवायचा. ७ एप्रिल २००८ रोजी मुंबईत पोलिसांबरोबर ‘नो हॉंकिंग डे’ झाला. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर ऑगस्ट २०१६ मध्ये न्या. अभय ओक आणि न्या. सय्यद यांच्या खंडपीठाने दिलेला निकाल सगळ्यांत दूरगामी. उत्सवांच्या गोंगाटावरून सुरू झालेल्या त्या खटल्यात शहरांचे ध्वनिनकाशे करा असाही आदेश निघाला. मग राज्यातल्या २७ महापालिकांमध्ये ‘नीरी’ या पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेकडून मोजणी करून घेतली गेली.

आणि इथेच जुन्नर-आंबेगावची पंचाईत होते. जुन्नर नगरपरिषद, मंचर नगरपंचायत, नारायणगाव ग्रामपंचायत. महापालिका यांतली एकही नाही. ध्वनिनकाशा महापालिकेच्या वेशीवर संपतो, महामार्ग संपत नाही. मुंबई पोलिसांनी २०२० मध्ये गाजवलेला सिग्नल, आवाज ८५ डेसिबलवर गेला की लाल दिव्याची मोजणी पुन्हा पहिल्यापासून, हाही अर्थात चौकाचा उपाय. ताशी नव्वदने जाणाऱ्या ट्रकला तो काय करणार?

महामार्गाकडेच्या ध्वनिभिंती महाराष्ट्रात नाहीत असे मात्र नाही. नागपूर-शिवनी मार्गावर पेंचच्या जंगलात पुलांखालून वन्यप्राण्यांना वाट करून दिली आहे आणि वाहनांचा आवाज व दिवे खाली पोहोचू नयेत म्हणून कडेला भिंती उभारल्या आहेत. न्यायालयीन लढाई झाली, वन्यजीव तज्ज्ञांनी हिशेब मांडला, आणि वाघाला त्या मिळाल्या. मला त्याचा आनंदच आहे. भिंत कशी बांधायची हे आपल्या यंत्रणेला येते, एवढेही त्यातून सिद्ध होते.

कायदा काय सांगतो? ध्वनिप्रदूषण नियम, २०००. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, रात्र म्हणजे दहा ते सहा. व्यापारी भागात ६५ आणि ५५. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये युरोपसाठी रस्त्याच्या आवाजाची शिफारस केली, तिच्यातही रात्रीचा आकडा ४५ च आहे. कागदावर आपण कुठेही मागे नाही. मेख पुढे आहे. मर्यादा दहा डेसिबलने ओलांडली गेली तर नागरिकाला तक्रार करता येते, म्हणजे रात्री ५५ दाखवावे लागतात. २०१० च्या दुरुस्तीने यात एक दार उघडले: रात्री निवासी भागात आणीबाणीखेरीज हॉर्न वाजवायला मनाई झाली आणि रात्रीच्या निर्बंधांच्या भंगाबद्दल, दहा डेसिबलच्या अटीविना, तक्रार करता येऊ लागली. टायरच्या घोषासाठी मीटर हवा, रात्रीच्या हॉर्नसाठी वेळ, जागा आणि गाडीचा नंबर पुरतो. २०१७ मध्ये मात्र एक दार बंद झाले. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या भोवतीचे शंभर मीटर आधी आपोआप शांतता क्षेत्र समजले जात. नव्या दुरुस्तीनुसार राज्य सरकारने अधिसूचित केले तरच. म्हणजे रुग्णालयाच्या फाटकावर ‘शांतता राखा’ पाटी आहे म्हणून भागत नाही, अधिसूचना आहे का ते विचारावे लागते.

तेव्हा मळ्यातल्या चार घरांनी ठरवले, तर वहीपासून सुरुवात करावी. मोबाइलमधले ध्वनिमापक ॲप पुरावा म्हणून टिकत नाही. फोनचा माइक बोलण्यासाठी बनवलेला असतो आणि आकडा काही डेसिबल सहज इकडेतिकडे होतो. पण तोच फोन, त्याच ओट्यावर, त्याच वेळी, महिनाभर, अशी नोंद असेल तर चढउतार कळतात आणि पोलीस उपअधीक्षकांकडे किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे ‘प्रमाणित यंत्राने मोजणी करा’ असा अर्ज वजनदार होतो. मोजताना सरासरी आणि कमाल दोन्ही लिहावे. सरासरीत हॉर्न विरघळून जातो, झोप मात्र त्यानेच मोडते. ग्रामसभेचा ठराव जोडावा, भरावाची उंची आणि घराचे अंतर लिहावे. प्रेशर हॉर्नच्या नंबरांची यादी वेगळी करून परिवहन कार्यालयाला द्यावी. त्यात ‘एमएच १४’ पाटीच्या, म्हणजे आपल्याच भागातल्या गाड्या किती निघतात हे पाहून गाव जरा वरमेल, तर वरमू द्यावे. भिंत लगेच मिळणार नाही. रंबलर शंभर मीटर पुढेमागे सरकवणे, उखडलेला सांधा भरणे, एवढे मिळू शकते.

आवरायला सगळ्यांत सोपा आवाज तर महामार्गाचा नाहीच. ‘विघ्नहर’ आणि ‘भीमाशंकर’ या दोन साखर कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्रभर धावतात. त्यांतल्या कित्येकांवर मोठाले स्पीकर बांधलेले असतात. चालकाचे म्हणणे, गाणे नसेल तर डोळा लागतो. मागचा हॉर्न त्याला ऐकू येत नाही ही बाब तो सांगत नाही. महामार्गाचा ट्रक कोणाचा, कुठला, हे शोधावे लागते. इथे ट्रॅक्टर गावातला, मालक ओळखीचा आणि ऊस सभासदांचा. वाहतूकदारांशी कारखाना हंगामाआधी करार करतो. स्पीकर बंद ठेवण्याची अट त्या कराराच्या कागदात घालून घेता येते. हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होत असल्याने हे बोलणे गणपती उठण्याच्या सुमारासच करावे लागते.